स्मृतिभ्रंशाच्या परिचर्येत गीताचे स्थान

२०१९ च्या पावसाळ्यात पनवेल येथील माझ्या चिकित्सालयात एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन आली. रुग्णेचे वय ७६ वर्षे. कुटुंब आगरी समाजातील. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल परिसरातील ज्या दहा गावांचे स्थलांतर झाले, त्यांपैकी एका गावात रुग्णेचा सारा संसार झालेला. आदल्याच वर्षी कुटुंब नव्या वसाहतीतील घरात राहावयास आले होते. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमर व्याधीचे निदान केले होते व त्यांची औषधे नियमित चालू होती. तरीही दोन तक्रारींनी घर जेरीस आले होते. पहिली तक्रार स्नानाची. अंगाला पाणी लागताच रुग्णा किंचाळे, ओरबाडे. सुनेच्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा होत्या. दुसरी तक्रार सायंकाळची. दिवस कलला की रुग्णा दाराशी जाऊन उभी राही आणि एकच वाक्य म्हणत राही, "मना घरा जावाचा हाय."

हे मागणे कोणी पुरे करू शकत नव्हते. ते घर पाडले गेले होते आणि शेजारची ओळखीची टेकडीही सपाट झाली होती. "हेच तुमचं घर, आई" असे सून दिवसातून पन्नास वेळा सांगत होती आणि दर वेळी रुग्णेच्या चेहऱ्यावरील भय वाढत होते.

या रुग्णेच्या निमित्ताने मी एक चूक केली, आणि ती सुधारताना जे शिकले ते वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. स्मृतिभ्रंशात संगीताचा उपयोग होतो, हे आपण अनेक व्याख्यानांतून ऐकतो. तो उपयोग कोणी, केव्हा व कोणत्या गीताने करावयाचा, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

व्याधीचे स्वरूप

डिमेन्शिया हे एका व्याधीचे नाव नसून लक्षणसमुच्चयाचे नाव आहे. स्मृती, भाषा, दिशाज्ञान, निर्णयशक्ती आणि नित्यकर्मे करण्याची क्षमता यांचा क्रमाने ऱ्हास होत जाणे हे त्याचे रूप होय. अल्झायमर हा त्यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये अशा रुग्णेचे वर्णन प्रथम विद्वत्सभेपुढे मांडले आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव व्याधीला मिळाले. रक्तवाहिन्यांच्या विकृतीमुळे होणारा प्रकार आपल्याकडे मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांत पुष्कळ दिसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींत याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष रुग्ण, इतके आहे. यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते, आणि ती बहुधा सून, पत्नी किंवा मुलगी करते.

आयुर्वेदात या व्याधीचे तंतोतंत वर्णन एका नावाने आलेले नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश, वार्धक्यातील वाताचे प्राबल्य, मज्जाधातूचा क्षय आणि मनोवह स्रोतसांची दुष्टी या सूत्रांनी आपण त्याची संप्राप्ती मांडतो. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने, तसेच ब्राह्मी, यांचा आपण युक्तीने उपयोग करतो. परंतु स्थापित झालेला अल्झायमर यांनी पूर्ववत होतो असा दावा करण्याजोगा पुरावा आज आपल्या हाती नाही. अशा असाध्य अथवा याप्य अवस्थेत चिकित्सेइतकेच महत्त्व परिचर्येला येते. गीताचे स्थान तेथे आहे.

संहितांतील आधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगितली आहे. वास्तू निवात पण एका बाजूने वारा खेळेल अशी असावी, धूर, ऊन व धूळ यांपासून सुरक्षित असावी, इत्यादी वर्णनानंतर तेथे कोणती माणसे असावीत याची सूची येते. स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे-बसविणारे, औषधे वाटणारे यांच्या जोडीने गायन, वादन, श्लोक, कथा, इतिहास व पुराण यांत कुशल अशा माणसांचाही तेथे स्पष्ट निर्देश आहे. आचार्यांनी गायकाला करमणुकीच्या वेगळ्या दालनात बसविलेले नाही. स्नान घालणाऱ्याच्या आणि अंग चेपणाऱ्याच्या पंक्तीत बसविले आहे. गीत हे परिचर्येचे अंग आहे, हा या रचनेचा अर्थ मला दिसतो.

दुसरा आधार शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहे. तेथे स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. विद्यार्थिदशेत आपण ही सूची परीक्षेसाठी पाठ केली. रुग्णाच्या शय्येजवळ ती पुन्हा वाचावी. अभ्यास म्हणजे वारंवार केलेले कर्म, आणि पुनःश्रुत म्हणजे पुन्हा कानी पडलेले. बालपणापासून शेकडो वेळा म्हटलेले गीत या दोन्ही कारणांनी युक्त असते. त्याला परिचित गंध, स्पर्श वा प्रसंग यांची जोड मिळाली की निमित्त व सादृश्य ही कारणेही साहाय्यास येतात. रुग्णाला "ओळखा पाहू मी कोण?" असे विचारणे म्हणजे यांपैकी एकही कारण न पुरविता स्मृतीची अपेक्षा करणे होय.

संगीत आणि वैद्यक यांचा संबंध आपल्या भूमीला परका नाही. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत संगीतरत्नाकर रचणारे शार्ङ्गदेव यांनी स्वराध्यायात पिंडोत्पत्तीचे प्रकरण घातले आणि त्यात गर्भाची वाढ व शरीररचना सविस्तर वर्णिली. ज्या शरीरातून नाद निघतो ते आधी जाणावे, ही त्यांची दृष्टी होती.

आधुनिक संशोधन काय सांगते

२०१५ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी दीर्घ परिचयाची गाणी ऐकताना मेंदूचा कोणता भाग कार्यरत होतो ते शोधून, अल्झायमरमध्ये त्या भागाची किती हानी होते हे पाहिले. हा भाग इतर भागांच्या तुलनेने उशिरापर्यंत टिकून राहतो असे त्यांना आढळले. नातवाचे नाव विसरलेली आजी आरती अखंड का म्हणते, याचे काही प्रमाणात उत्तर येथे मिळते.

तथापि उपयोगाची मर्यादाही जाणून घ्यावी. २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संगीताच्या किमान पाच सत्रांनंतर विषण्णता कमी होते व एकूण वर्तनात काहीशी सुधारणा होते, मात्र बुद्धी-स्मृतीवर फारसा परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून "संगीताने स्मरणशक्ती परत येते" असे वैद्याने कुटुंबीयांना सांगू नये.

आणखी दोन चाचण्या एकापुढे एक ठेवून वाचाव्यात. दोन्ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील ५४ शुश्रूषागृहांत रुग्णांना त्यांच्या आवडीची गाणी यंत्रावर ऐकविण्याची योजना तपासली गेली. अस्वस्थतेत लक्षणीय घट आढळली नाही. ऑस्ट्रेलियातील शुश्रूषागृहांत ३१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र, समूहाने बसून प्रत्यक्ष गाणी म्हटल्याने विषण्णतेची लक्षणे कमी झाली. दोन चाचण्यांत मोजलेली लक्षणे भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही, हे खरे. परंतु स्वीडनमधील ईव्हा योटेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केलेले निरीक्षणही याच दिशेचे आहे. सकाळचे प्रातर्विधी करविताना परिचारिकांनी स्वतः गाणे म्हटले, तेव्हा त्यांना सूचना फार कमी द्याव्या लागल्या आणि तरीही पुढे काय करावयाचे ते रुग्णांना अधिक उमगले.

माझी चूक

हे सारे मला तेव्हा इतके स्पष्ट नव्हते. एका कार्यशाळेत मिळालेला रागांचा तक्ता माझ्या संग्रही होता. कोणत्या प्रहरी कोणता राग, कोणत्या दोषाचे शमन कोणत्या स्वरांनी, अशी त्याची मांडणी होती. रुग्णा वातप्रकृतीची, काळ वाताचा, म्हणून मी तक्त्यानुसार सतार व बासरीची ध्वनिमुद्रणे निवडली, मुलाच्या मोबाइलवर घालून दिली आणि दिवसभर मंद आवाजात वाजवीत राहा असे सांगितले.

आठ दिवसांनी मुलगा आला. सांकोचाने म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आईला ते चालत नाही. ती कानांवर हात ठेवते, रडते." मी आवाज आणखी कमी करण्यास सांगितले. पुढच्या आठवड्यात रुग्णेने मोबाइल खिडकीबाहेर टाकला.

मी घरी जाऊन पाहिले तेव्हा कारण ध्यानी आले. रुग्णेला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. मंद आवाजातील सतार तिला अनोळखी कुरकुर वाटत असावी. त्याहून मोठी गोष्ट अशी, की या स्त्रीने आयुष्यात कधीही सतार ऐकली नव्हती. जिला घर परके, भिंती परक्या, तिच्या कानांवर मी दिवसभर परकाच नाद सोडला होता. दोष रागाचा नव्हता आणि वादकाचाही नव्हता. रुग्णेची प्रकृती मी पाहिली, तिचे सात्म्य पाहिले नाही. आहाराच्या बाबतीत आपण ओकसात्म्य विचारतो, मग श्रवणाच्या बाबतीत का विचारू नये?

हळदीचा धवला

त्याच भेटीत रुग्णेची धाकटी बहीण आली होती. आगरी समाजाच्या विवाहात धवले म्हणण्याची परंपरा आहे. मांडव, हळद, लग्न अशा प्रत्येक विधीचे धवले निरनिराळे असतात, आणि ते म्हणणारी धवलारीण विवाहात पुरोहिताचा मान मिळविते. दोघी बहिणी तरुणपणी गावच्या धवलारणीच्या मागे बसून साथ करीत, असे बोलता बोलता कळले.

मी बहिणीला विनंती केली, की अभ्यंगाच्या वेळी जवळ बसावे आणि हळदीचा धवला म्हणावा. मुलाने हरकत घेतली. वडील गेलेले, विधवा आईसमोर हळदीचे गाणे कसे म्हणावे? त्याची भावना रास्त होती. बहीणच म्हणाली, "तिला आवडला नाही तर मी गप बसेन."

कोमट तिळतेल तळहातावर घेऊन सुनेने सासूच्या पावलांपासून आरंभ केला आणि बहिणीने धवला धरला. पहिल्या दोन फेऱ्यांत काही घडले नाही. तिसऱ्या फेरीत रुग्णेची मूठ सैल झाली. नंतर तिने आपला हात स्वतःहून पुढे केला, जसा हळद लावणाऱ्या बाईपुढे करावा तसा, आणि प्रत्येक ओळीच्या अखेरच्या शब्दात आवाज मिळविला. त्या दिवशी स्नान झाले. ओरबाडणे झाले नाही.

बहीण रोज येऊ शकत नव्हती आणि सुनेला एकही धवला येत नव्हता. तिच्या लग्नात धवलारीण होती, पण ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत होती. तिने मावससासूकडून तीन धवले शिकून घेतले. सूर ओबडधोबड होता, मधले शब्द गळत होते. गळलेला शब्द सासू भरून काढी. नातसुनेचे नाव जिला आठवत नव्हते ती स्त्री सुनेची चूक सुधारीत होती. दीड महिन्यानंतर स्नान हा घरातला सुसह्य प्रसंग झाला होता. सायंकाळची "घरा जावाचा" ही मागणी बंद झाली नाही. परंतु तेव्हा सून "हेच घर" असे समजावणे सोडून शेजारी बसून धवला धरू लागली. पुष्कळदा दोघी तेथेच पायरीवर बसून राहत आणि दार ओलांडण्याची घाई विरून जाई.

दिनचर्येतील योजना

या अनुभवानंतर मी अशा रुग्णांसाठी जी पद्धत अनुसरते ती संक्षेपाने देते.

१. गीतवृत्त घ्यावे. केसपेपरवर आहार, निद्रा, मल-मूत्र यांच्याखाली एक ओळ गीताची ठेवावी. दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत रुग्णाच्या कानी काय पडले ते विचारावे. या वयातील गाणी सर्वांत खोल रुजतात. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्या पांढरपेशा कुटुंबातील रुग्णाने १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले गीतरामायण बालपणी ऐकलेले असू शकते. त्याच वयाच्या शेतकरी स्त्रीच्या कानी त्या वर्षी जात्यावरच्या ओव्या असतील. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या, यावरून हा ठेवा किती मोठा आहे याची कल्पना यावी. पनवेलच्या मोहल्ल्यातील एका वृद्धेला नात आणि जुनी हिंदी चित्रपटगीते ही दोनच प्रिय होती. शाळेची प्रार्थना, लेझीमचा ठेका, पाळणा, नमन, कोळीगीत, काहीही असू शकेल. वैद्याची अभिरुची येथे अप्रस्तुत आहे.

२. प्रातःकाळी अभ्यंग व स्नान. गीत आधी सुरू करावे, स्पर्श नंतर करावा. तेल पावलांपासून लावीत वर यावे, मस्तकावर पाणी सर्वांत शेवटी घालावे. सूचना कमी कराव्यात. "हात वर करा, पाय उचला" यांऐवजी गीताच्या लयीत हाताला किंचित आधार द्यावा.

३. भोजन. बैठकीपूर्वी नेहमीचा एकच श्लोक अथवा गीत म्हणावे, म्हणजे आता जेवण आहे हे रुग्णाला कळते. घास तोंडात असताना मात्र गाण्यास प्रवृत्त करू नये, ठसका लागून घास श्वासमार्गात जाण्याचे भय असते.

४. सायंकाळ. दिवसाचा अंतिम भाग वाताचा, आणि याच वेळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. ती सुरू होण्यापूर्वी अर्धा तास दिवे लावावेत व गीताला बसावे. निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या एका रुग्णाच्या घरी मुलगा कचेरीतून येताच हरिपाठ म्हणतो. वडिलांना आता शब्द येत नाहीत, पण हाती दिलेले टाळ ते अचूक वाजवितात. ज्या दिवशी मुलाला उशीर होतो त्या दिवशी ते येरझाऱ्या घालतात. नेम मोडू नये, एवढा बोध यातून घ्यावा.

५. रात्री. पादाभ्यंग करताना संथ पाळणा किंवा नामस्मरण पंधरा मिनिटे पुरते. रात्रभर ध्वनिमुद्रण चालू ठेवू नये.

६. यंत्राचा उपयोग दुय्यम ठेवावा. परिचारकाला मुळीच गाता येत नसेल तर ध्वनिमुद्रण लावून त्याच्या साथीने गुणगुणावे. मध्येच जाहिराती येणार नाहीत असे पाहावे, कारण अकस्मात बदललेला आवाज रुग्णाला दचकवितो. दूरदर्शन संच त्या वेळी बंद असावा.

सावधगिरी

गीत लागू न पडण्याचे पहिले कारण पुष्कळदा श्रवणदौर्बल्य असते. कानातील मळ तपासावा, श्रवणयंत्र असल्यास ते चालू आहे ना ते पाहावे, समोर बसून ओठ दिसतील असे गावे.

काही गीते शोकाची असतात. एका रुग्णेला जे भजन म्हणताच अश्रू अनावर होत, ते तिच्या पतीच्या अखेरच्या रात्री म्हटले गेले होते. अश्रू सदैव वाईट नसतात, परंतु रडल्यानंतर रुग्ण शांत होतो की अधिक व्याकूळ होतो हे पाहून निर्णय घ्यावा. नकार दिसताच थांबावे. कानांवर हात, मान फिरविणे, मूठ आवळणे हे नकाराचेच शब्द आहेत.

अस्वस्थता प्रत्येक वेळी मानसिक नसते. मलावरोध, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, दाताचे दुखणे, पडल्यामुळे झालेला अस्थिभंग सांगता न आल्याने रुग्ण ओरडतो. दोन-चार दिवसांत सहसा वाढलेला भ्रम, ज्वर, गुंगी, नव्याने आलेले चालण्यातील वैषम्य अशा स्थितीत गीत बाजूला ठेवून तात्काळ तपासण्या कराव्यात व रुग्णालयात पाठवावे. नव्या प्रत्येक रुग्णात थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२, सोडियम, तसेच आवश्यक तेथे मेंदूची प्रतिमा पाहिल्याखेरीज व्याधी असाध्य म्हणू नये. मेंदूविकारतज्ज्ञांची चालू औषधे आपल्या मताने बंद करू नयेत.

परिचारकाचा विचार

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत परिचारकाला स्वतंत्र पाद मानले आणि उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले. यांपैकी अनुराग आज्ञेने उत्पन्न होत नाही. जिला रोज ओरबाडले जाते, जिला रोज "तू कोण?" असे विचारले जाते, त्या सुनेकडून अनुरागाची अपेक्षा करताना तो टिकावा असे काही आपण तिच्या हाती द्यावयास हवे. फिनलंडमधील एका चाचणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्ण व परिचारक अशा ८९ जोड्यांचा अभ्यास झाला. परिचारकांना गाणे म्हणण्याचे व ऐकविण्याचे शिक्षण दिल्याने रुग्णांच्या मनःस्थितीत लाभ झाला, तसा परिचारकांनाही झाला. मला भेटलेल्या सुनेने हे एका वाक्यात सांगितले होते : "धवला म्हणताना त्या मला मारत नाहीत म्हणून नाही, त्या माझ्यासोबत असतात म्हणून बरं वाटतं."

त्याचबरोबर परिचारकावर गाण्याचे ओझे लादू नये. दिवसाकाठी दोन प्रसंग पुरे आहेत. घरातील इतरांनी वाटा उचलावा. शेजारच्या भजनी मंडळाने आठवड्यातून एकदा रुग्णाच्या ओटीवर बसण्याचे ठरविले तर त्या कुटुंबाला माणसांचा आधार मिळतो. या व्याधीत घरी येणारी माणसे हळूहळू कमी होतात.

समारोप

२०२३ मध्ये त्या रुग्णेचे निधन झाले. व्याधी आपल्या गतीने पुढे गेली होती. अखेरच्या वर्षात भाषा गेली, चालणे गेले, गिळणे कठीण झाले. मेध्य रसायनांनी किंवा धवल्यांनी हा क्रम थांबविला, असे मी म्हणणार नाही. शब्द गेल्यावर काही महिने ती केवळ ओळीच्या अखेरीस हुंकार देई, आणि तोही थांबल्यावर सुनेच्या हातावर तिची बोटे लय धरीत. स्नानाच्या वेळी भय मात्र पुन्हा आले नाही. जुने घर तिला परत देणे कोणालाच शक्य नव्हते. त्या घरातले जे तिच्या कंठात उरले होते, ते सुनेने शिकून घेतले आणि शेवटपर्यंत तिला ऐकविले.

पनवेल ही आयुर्वेदाची जुनी भूमी आहे. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथेच धूतपापेश्वर औषधालयाची स्थापना केली. औषधनिर्मितीचा वारसा आपण जपला, तसा परिचर्येचाही जपावा. त्यासाठी मोठा खर्च नको. वैद्यबंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे स्मृतिभ्रंशाचा रुग्ण समोर आला की नाडी, जिव्हा, मल-मूत्र पाहून झाल्यावर नातेवाइकांना आणखी एक प्रश्न विचारावा : "यांना तरुणपणी कोणती गाणी येत होती?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा : "घरात ती कोणाला येतात?" दुसऱ्या प्रश्नाला "कोणालाच नाही" असे उत्तर आले, तर ज्यांना येतात ती माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून दोन-तीन गाणी शिकून घेण्यास सांगावे, आणि हा उपदेश औषधांच्या चिठ्ठीवर औषधांइतक्याच स्पष्ट अक्षरात लिहावा.